मावशींच्या पावलांनी मोजलेला चौक

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)



आम्ही मार्केट यार्डाच्या आसपास राहणाऱ्या बायका. आमच्यातल्या काहीजणी यार्डात धान्य निवडतात, काहीजणी भाजी विकतात, काहीजणी मुकुंदनगर-महर्षीनगरकडे घरकामाला जातात. आमच्यात एक शिक्षिका आहेत, एक शिवणकाम करणारी ताई आहे. आमच्या सगळ्यांच्या घरातला कुणी ना कुणी टेम्पो, रिक्षा किंवा ट्रक चालवतो. हे आधीच सांगतो, कारण आज आम्ही चौकांबद्दल बोलणार आहोत आणि ऐकणाऱ्या भावांना वाटायला नको की या बायका आमच्यावर घसरणार.

मार्केट यार्डाचा दिवस आपल्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. रात्रीच गाड्या लागतात, माल उतरतो आणि उजाडायच्या आत पालेभाजीचा बाजार अर्धा उरकलेला असतो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन शहरभर विकायला जाणाऱ्या बायका पहाटेच बाहेर पडतात. कुणी रिक्षा वाटून घेतात, कुणी बसथांब्याकडे जातात. त्या सगळ्यांना आधी मोठा रस्ता ओलांडावा लागतो. नुकतेच रिकामे झालेले ट्रक तेव्हाच बाहेर पडत असतात आणि रस्ता मोकळा दिसतोय म्हणून दुचाक्या जोरात असतात.

आमच्यातल्या एक मावशी अशाच निघाल्या होत्या. वय साठीच्या पुढे, डोक्यावर चुंबळ आणि त्यावर भाजीचं गाठोडं. सिग्नल चालणाऱ्यांच्या बाजूने हिरवा झाला तेव्हाच त्यांनी पाऊल टाकलं. त्या दुभाजकापर्यंतही पोचल्या नव्हत्या, तेवढ्यात सिग्नल संपला. डावीकडे वळणाऱ्या एका मोटारसायकलचा धक्का लागला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चार महिने त्या घरात होत्या, आणि आता काठी घेऊन चालतात. भाजीचा धंदा सुटला तो सुटलाच.

त्या दिवशी तिथे जमलेली माणसं एकच वाक्य बोलत होती, "मावशींनी बघून चालायला नको का?" आम्हीही आधी तेच म्हणालो. पुढे आठवड्याभराने मावशींना भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, डोक्यावर ओझं असलं की मान वळते का?"

आम्ही गप्प झालो. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी कधी ना कधी डोक्यावर पाटी घेतलेली आहे. डोक्यावर ओझं असताना मान वळत नाही, नजर समोरच ठेवावी लागते, हे आम्हाला माहीत होतं. तरी आम्ही दोष मावशींनाच दिला होता. मग ठरवलं, की आता चौकाकडे नीट बघायचं. चौकाचं नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. तुमच्या घराजवळचा चौकही बहुतेक असाच असेल.

साधनं घरचीच घेतली. कपडे वाळत घालायची दोरी घेतली, शिवणाच्या टेपने मोजून तिला दर मीटरला गाठ मारली. मोबाइलमधलं सेकंद मोजायचं घड्याळ आणि शाळेची एक वही. शनिवारी फळभाज्यांचा बाजार बंद असतो, तेव्हा रस्त्याची रुंदी मोजली. रविवारी बाजार ऐन भरात असतो, तेव्हा माणसं बघितली. चौघी चौकाच्या चार कोपऱ्यांवर उभ्या राहिलो.

पहिली गोष्ट कळली ती सेकंदांची. सिग्नलचा हिशोब करताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. म्हणजे रस्ता समजा 18 मीटर रुंद असला, तर 15 सेकंद पुरतात. हे धडधाकट, रिकाम्या हाताच्या माणसाचं झालं. मावशींच्या वयाच्या, ओझं घेतलेल्या बाईला आम्ही यार्डाच्या मोकळ्या जागेत दोरीलगत चालायला सांगितलं. एका सेकंदात तिची जेमतेम 0.8 मीटरची मजल होत होती. त्या चालीने 18 मीटरला 22-23 सेकंद लागतात. 15 सेकंदांच्या सिग्नलवर ती 12 मीटरवर, म्हणजे ऐन गाड्यांच्या मधे सापडणार. चूक तिच्या चालण्यात नाही. सिग्नल लावताना तिला कुणी मोजलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट डावीकडच्या वळणाची. आपल्याकडे समज असा आहे की डावीकडे वळायला सिग्नल नसतो, ते 'फ्री' असतं. तसं नाही. डावीकडे वळायचा वेगळा बाण किंवा पाटी नसेल, तर लाल म्हणजे लालच. आणि झेब्रा पट्ट्यांवर कुणी चालत असेल तर गाडीने वेग कमी करून, लागलं तर थांबून, त्याला आधी जाऊ द्यायचं, हेही 2017 सालच्या मोटार वाहन चालवण्याच्या नियमावलीत आहे. पण आम्ही रविवारभर कोपऱ्यावर उभं राहून पाहिलं. समोरून येणाऱ्या गाड्या लाल दिव्याला बऱ्यापैकी थांबतात. डावीकडे वळणारी गाडी मात्र ब्रेकवर पायसुद्धा ठेवत नाही. त्याला चौकाचा आकारही कारण आहे. कोपरा मोठा गोल करून ठेवलेला असतो. असा गोल कोपरा गाडीला सांगतो, की वेग कमी करू नकोस, ये तशीच. शिवाय कोपरा जितका गोल, तितका चालणाऱ्याचा रस्ता लांबतो.

तिसरी गोष्ट झेब्रा पट्ट्यांची. पट्टे होते, पण बसथांब्यापासून बरेच पुढे. बसमधून उतरलेली माणसं सरळ समोरच्या गेटकडे निघतात. पाय जवळची वाट धरतात, ओझं असलेले पाय तर नक्कीच. माणसं चुकीच्या जागी ओलांडतात असं म्हणण्यापेक्षा पट्टे चुकीच्या जागी मारलेत असं का म्हणू नये? यावर कुणी म्हणतं, भुयारी मार्ग करा, नाहीतर वरून पूल बांधा. पण चाळीस पायऱ्या चढून चाळीस पायऱ्या उतरणं आमच्या मावशींना जमणारं नाही. अंधारात भुयारी मार्गाने एकटी बाई जात नाही, हे तर तुम्हाला सांगायलाच नको.

चौथी गोष्ट आमचीच होती. कोपऱ्यावरच्या फुटपाथवर आमच्यातल्याच दोघींच्या पाट्या लागत होत्या. त्यामुळे माणसं फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरत होती. वहीत हे लिहायचं की नाही, यावरून आमच्यात भांडण झालं. एक ताई म्हणाली, "मी तिथून उठले तर खाऊ काय?" तिचंही खरं होतं. शेवटी वहीत दोन्ही लिहिलं. 2014 सालचा फेरीवाल्यांचा कायदा विकणाऱ्याला जागा मिळाली पाहिजे असं म्हणतो. ती जागा चौकाच्या तोंडाशी नको, चार पावलं मागे हवी. पाट्या मागे सरकल्या. पहिले दोन आठवडे विक्री कमी झाली, मग गिऱ्हाइकांना जागा कळली. त्या कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारी मात्र लगेच मागे सरकल्या नाहीत, तेही सांगून टाकतो.

आता सायकलचं. आमच्यातल्या एकीची मुलगी नववीत आहे, बिबवेवाडीहून सायकलने शाळेला येते. मावशींच्या अपघातानंतर तिच्या बाबांनी सायकल बंद केली. रिक्षाचे पैसे परवडत नाहीत, बस वेळेवर मिळत नाही, म्हणून तिचा सकाळचा गणिताचा क्लास सुटला. म्हणजे चौकाची किंमत मावशींनी भरली तशी त्या पोरीनेही भरली.

सायकल म्हटलं की लोकांना हेल्मेट घालून रविवारी सिंहगडाकडे जाणारी माणसं आठवतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या रस्त्यावर पहाटे सायकलवर कोण असतं? यार्डातला हमाल, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, दूधवाला, पेपरवाला मुलगा. त्यांना सायकल ही हौस नाही. एकेकाळी पुणं सायकलींचं शहर होतं, आपल्या आया-मावश्या साडीचा पदर खोचून सायकलवर कॉलेजला गेल्या. 2006 साली कात्रज ते स्वारगेट बीआरटी आली, तेव्हा सातारा रस्त्याच्या कडेने सायकलचे पट्टेही आले. 2017 साली महापालिकेने सगळ्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. पण पट्ट्याची गंमत अशी, की सरळ रस्त्यावर तो असतो आणि चौक आला की संपतो. जिथे जीव जायची भीती सगळ्यात जास्त, तिथे सायकलवाल्याला सांगायचं, आता तुझं तू बघ.

हे समजून घ्यायला आम्ही एका ट्रकवाल्या दादांना गाठलं. माल उतरवून ते चहा पीत बसले होते. म्हटलं, दादा, जरा तुमच्या केबिनमध्ये बसू द्या. त्यांना वाटलं, रेडिओवाल्या बायका काहीतरी थट्टा करतायत. पण बसू दिलं. एकेक जण ड्रायव्हरच्या जागेवर बसली आणि बाकीच्या तिघी ट्रकच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकाशी उभ्या राहिल्या. वर बसलेलीला त्यातल्या दोघी अजिबात दिसेनात. तिसरीचा फक्त पदर दिसला. आम्ही इतक्या जवळ होतो की हात लावला तर चाकाला लागेल, आणि वरच्या बाईला वाटत होतं, डावीकडे कुणीच नाही.

दादा म्हणाले, "ताई, मला मुद्दाम कुणाला मारायचं असतं का? मला दिसतच नाही. मागून सायकल कधी आत शिरते कळत नाही, आणि मी डावीकडे घेतो."

तेव्हा मैत्रिणींनो, पोरांना आजच सांगा. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या बाजूने सायकल पुढे घुसवायची नाही. एकतर त्याच्या मागे थांबायचं, नाहीतर इतकं पुढे की ड्रायव्हरचं तोंड आपल्याला दिसेल. त्याचं तोंड आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही.

पण पोरांना शिकवून काम संपत नाही. नववीतली मुलगी कधीतरी घाईत असणार, कधीतरी विसरणार. विसरली तरी तिचा जीव वाचला पाहिजे, असा चौक हवा. तो कसा असतो?

गाड्यांची थांबायची रेषा झेब्रा पट्ट्यांपासून मागे घ्यायची आणि तिच्यापुढे सायकलींना उभं राहायला जागा ठेवायची. म्हणजे सायकल ट्रकच्या पुढे, नजरेसमोर राहते. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा गाड्यांच्या आधी काही सेकंद लावायचा. म्हणजे वळणारी गाडी निघेपर्यंत माणसं रस्त्याच्या मधे, सगळ्यांना दिसतील अशी आलेली असतात. कोपरा आवळायचा, म्हणजे वळताना वेग आपोआप कमी होतो. इथे लगेच कुणी विचारेल, मार्केट यार्डाचे मोठे ट्रक मग वळणार कसे? त्यालाही उपाय आहे. कोपऱ्याला लागून बुटका, खडबडीत दगडी पट्टा करतात. मोठ्या ट्रकचं मागचं चाक त्यावरून हळू निघून जातं, आणि मोटारीला मात्र बाहेरूनच, हळू वळावं लागतं. दुभाजकाच्या मधे एक बाई आणि एक सायकल नीट उभी राहील एवढी मोकळी, सपाट जागा ठेवायची, म्हणजे हळू चालणारीला रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. झेब्रा पट्टेच फुटपाथच्या उंचीला उचलून घेतले, तर चालणारी खाली उतरत नाही, गाडीलाच वर चढावं लागतं.

हे सगळं वेगासाठी. ताशी 30 किलोमीटरने येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने माणूस बघून ब्रेक दाबला, तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण 13 मीटरमध्ये थांबते. 50 ने येत असेल, तर 28 मीटरच्या आसपास. मधले ते 15 मीटर म्हणजे मावशींचं हाड. म्हणूनच 2020 साली स्टॉकहोमला जगभरच्या देशांची परिषद झाली, तेव्हा जिथे माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथे 30 च्या वर वेग नको, असा ठराव झाला.

हे परदेशातलं कौतुक वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगतो. आज नेदरलँड्स हा सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो. पण 1971 साली त्याच देशात रस्त्यांवर 3000 हून जास्त माणसं मेली, त्यांत 400 हून जास्त मुलं होती. तेव्हा तिथले आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'बालहत्या थांबवा'. मुलांना घेऊन त्या बायका रस्त्यात बसल्या, गाड्या अडवल्या, रस्ते बदलायला लावले. ते चौक आपोआप झालेले नाहीत.

आपल्याकडे कागदावर काही कमी नाही. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण 2016 सालचं आहे. 11 डिसेंबर 2021 ला लक्ष्मी रस्त्यावर पहिला पादचारी दिन झाला, गाड्या बंद ठेवून माणसं रस्त्याच्या मधोमध चालली. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चालायला नीट फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे आम्ही कुणाकडे मेहरबानी मागत नाही. आणि स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोत मार्केट यार्डाला स्थानक होणार आहे. ते झालं की हजारो माणसं जमिनीखालून वर येतील आणि पायीच चौकात उतरतील. तेव्हा घाई करण्यापेक्षा आत्ताच चौक नीट केलेला बरा.

आम्ही वहीतलं सगळं दोन पानांत उतरवलं. चौकाचं चित्र शिक्षिकाबाईंनी काढलं. दोरीने मोजलेली रुंदी, सेकंद, कोणत्या कोपऱ्यावर काय हवं, सगळं लिहिलं. अर्ज घेऊन गेलो, तर एका टेबलावर सांगितलं, दिवे आमच्याकडे नाहीत. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, रंग आमच्याकडे नाही. तिसऱ्या खेपेला अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला. पाचव्या खेपेला एक साहेब आमच्याबरोबर चौकात आले. त्यांना आम्ही भाषण दिलं नाही. काठी घेतलेल्या मावशींना पुढे केलं आणि म्हटलं, "साहेब, यांच्याबरोबर एकदा ओलांडा."

साहेब निघाले. अर्ध्यावर सिग्नल संपला. दोन्हीकडून हॉर्न सुरू झाले. साहेबांनी मावशींचा हात धरला.

पुढच्या महिन्यात चालणाऱ्यांचे सेकंद वाढले. झेब्रा पट्टे नव्याने, बसथांब्याच्या जवळ आले. थांबायची रेषा मागे गेली. कोपरा अजून तसाच गोल आहे, सायकलींची जागा अजून झालेली नाही, आणि डावीकडून मोटारसायकली अजून तशाच येतात. तेवढं काम बाकी आहे, त्याचा दुसरा अर्ज तयार आहे. कुणी म्हणतं, सेकंद वाढवल्यामुळे गाड्यांची रांग वाढली. थोडी वाढली असेल. त्या रांगेत आमचेही भाऊ असतात. त्यांना आम्ही घरी सांगतो, तू दहा सेकंद थांबतोस, तेव्हा तुझी आई रस्ता ओलांडत असते.

मैत्रिणींनो, तुमच्या चौकातही हे करता येईल. चौघी-पाचजणी जमा. गाठी मारलेली दोरी घ्या. गर्दीच्या वेळी आणि निवांत वेळी, दोन्ही वेळा जा. तुमच्यातली सगळ्यात हळू चालणारी बाई किती सेकंदांत ओलांडते ते लिहा, सिग्नल किती सेकंदांचा आहे ते लिहा. रस्ता, पट्टे, फुटपाथ यांसाठी महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय, सिग्नलच्या वेळेसाठी वाहतूक पोलिस, दोघांना एकच अर्ज द्या आणि दोन्हींवर शिक्का घ्या. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात, ती मुदत चुकवू नका. आणि आधी आपल्या पाट्या, आपल्या गाड्या चौकाच्या तोंडातून मागे घ्या, म्हणजे बोलायला तोंड राहतं.

नववीतल्या त्या मुलीची सायकल गेल्या सोमवारपासून पुन्हा सुरू झाली आहे. बाबा अजून चौकापर्यंत तिच्याबरोबर येतात. चौकात ती सायकलवरून उतरते, झेब्रा पट्ट्यांवरून सायकल हातात धरून चालत जाते आणि पलीकडे गेली की वळून बाबांना हात करते. ती सायकलवर बसूनच चौक ओलांडू शकेल, तोवर आमची दोरी आणि वही तयार आहे.